डावा हात वर

आणि मी काय समजून आले होते, तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं अठरा मुलं असतील! अठरा! गोल करून बसतील, मी मधे बसेन, खिडकीतून कोवळं ऊन येईल, मी हळूच विचारेन, ‘मैत्री म्हणजे काय रे?’ आणि एकेक जण डोळे मिटून विचार करेल... आणि मिळालं काय? सहावी अ! पट त्रेसष्ट. बाक अठ्ठावीस, त्यातले तीन डुगडुगणारे. पंखे चार, त्यातला फिरणारा एक, आणि तो नेमका फळ्याच्या डोक्यावर, म्हणजे खडूची धूळ सगळी माझ्या तोंडात. ऊन आहे हो, नाही असं नाही, पण ते थेट फळ्यावर पडतं, त्यामुळे आठ ते साडेनऊ फळ्यावर काय लिहिलंय ते फक्त मलाच माहीत असतं!

दहा वर्षांची असताना मी इथून गेले. स्कॉटलंडमध्ये वाढले, तिथेच शिकले, शिक्षक व्हायचं शिक्षणही तिथेच घेतलं, आणि चोविसाव्या वर्षी ठरवलं, परत जायचं! पुण्यात शिकवायचं! मुलांना इंग्रजी घोकायला नाही, इंग्रजीत विचार करायला शिकवायचं! सगळे नको म्हणाले. आई म्हणाली नको, बाबा म्हणाले नको, विमानात शेजारी बसलेली बाई, जिचा काही संबंध नाही, तीसुद्धा म्हणाली नको. नारायण पेठेत माझा मामा राहतो, शरच्चंद्रमामा, बँकेतून निवृत्त. तो एकटा नको म्हणाला नाही. तो म्हणाला, ‘ये की. पहाटे जाताना दार ओढून घेत जा.’ झालं स्वागत!

तर शाळा वाघोलीत. नाव सांगत नाही, मला अजून तिथे जायचंय. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर शिक्षिका, नाही घेतला तर नारायण पेठेतली एक मुलगी. आणि पहिल्याच आठवड्यात धडा आला काँक्रीट नाउन आणि अॅबस्ट्रॅक्ट नाउन. मी हरखले! अहो, यापेक्षा सुंदर धडा आहे का जगात? एका बाजूला दिसणाऱ्या वस्तू, दुसऱ्या बाजूला माणसाचं सगळं मन! मी वर्गात गेले, नुसतं म्हटलं, ‘काँक्रीट नाउन...’ आणि त्रेसष्ट गळे एकदम, ‘टेबल चेअर पेन काँक्रीट! ऑनेस्टी ब्रेव्हरी चाइल्डहूड अॅबस्ट्रॅक्ट!’ भिंतीवरचा तक्ता हलला हो! मी म्हटलं, वा, छान, मग ‘अॅपल’? शांतता. अशी शांतता की बाहेरचा टँकर ऐकू आला. शेवटी दुसऱ्या बाकावरून एक हळूच म्हणाली, ‘मॅडम, अॅपल आपल्याला नाहीये.’ नाहीये म्हणजे? ‘गाईडमध्ये नाहीये.’

मग मी ठरवलं, गाईड बंद! एकच कसोटी. कुठलाही शब्द घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, हाताला लागतं का? लागतं, तर काँक्रीट. नाही लागत, नुसतं मनाला कळतं, तर अॅबस्ट्रॅक्ट. वास, आवाज नंतर बघू, आधी हात! सोपं ना? मलाही सोपं वाटलं होतं. तर सोनू नावाचा एक मुलगा उठला. तुम्हाला सांगते, हा मुलगा पुढे वकील तरी होईल नाहीतर त्याला वकील तरी लागेल. तो म्हणाला, ‘मॅडम, भूक?’ मी म्हटलं, हाताला लागते का? ‘पोटाला लागते.’ मी म्हटलं, मी हाताचं विचारलं. ‘मग करंट, मॅडम? करंट हाताला लागतो. माझ्या काकाला लागला होता, दिसला कुणालाच नाही.’ मग काय, सगळा वर्ग सुटला! मॅडम, थंडी? मॅडम, नजर? मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये भूत आहे, ते कशात धरायचं? मॅडम, वाघोलीतलं ट्रॅफिक? ते दिसतं पण, लागतं पण, आणि हलत नाही पण!

मला इतका आनंद झाला! विचार करतायत मुलं! संध्याकाळी मामाला सांगितलं, मामा, बस येरवड्याला तुरुंगाच्या भिंतीजवळून जाते ना, मला आज वाटलं, बघ, भिंत काँक्रीट आणि स्वातंत्र्य अॅबस्ट्रॅक्ट, एका भिंतीत सगळा धडा आहे! मामानं पेपर खाली केला. म्हणाला, ‘आम्ही याला भाववाचक नाम म्हणायचो. दोन मार्कांना यायचं. आम्ही ते सोडून द्यायचो.’ आणि पेपर परत वर.

असो. मुद्दा हा नाही. मुद्दा हात!

आमच्या मुख्याध्यापिका हेमा मॅडम. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते. एकतीस वर्षं नोकरी, आवाज कधी चढत नाही, चढायची गरजच पडत नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं. ‘सलोनी मॅडम, बसा. पुढच्या महिन्यात संस्थेचे लोक वर्ग बघायला येणार. तुमचा तास दाखवायचा आहे. आपल्याकडची पद्धत तुम्हाला कुणी सांगितली का?’ मी म्हटलं, कसली पद्धत? ‘हाताची.’ आणि ऐका हं आता. शिक्षकानं प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. सगळ्यांनी! ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा. ज्याला येत नाही त्यानं डावा. शिक्षकानं विचारायचं फक्त उजव्यांना. पाहुणे मागच्या बाकावर बसतात, त्यांना नुसतं हातांचं जंगल दिसतं, काय हुशार वर्ग!

मी उभीच राहिले! म्हटलं, मॅडम, ही फसवणूक आहे! हे शिक्षण नाही, हे नाटक आहे! अजून बरंच बोलले मी, विश्वास, प्रामाणिकपणा, पारदर्शकता... आता लक्षात येतं, सगळीच्या सगळी अॅबस्ट्रॅक्ट नाउन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘झालं? आता माझं ऐका. ज्याला येत नाही तो पोरगा पूर्वी मान खाली घालून बसायचा, सगळ्यांच्या देखत. आता तोही हात वर करतो. मागून बघणाऱ्याला कळत नाही, शेजारच्यालाही सवय झाली. तुमच्या तिकडे त्या पोराचं काय करतात?’ खरं सांगते, माझाच डावा हात वर होता त्या क्षणी.

तरी मी शपथ घेतली, हे मी करणार नाही! प्रत्येकाला विचारणार! आणि केलं, दोन दिवस. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी पाच मिनिटं, ‘मॅडम पाणी’ तीन मिनिटं, आणि एका डाव्या हाताला विचारलं की तो उभा राहणार, छताकडे बघणार, बाकाकडे बघणार, मित्राकडे बघणार, मित्र दुसरीकडे बघणार... चार मिनिटं! तिसऱ्या दिवशी, तुम्हाला म्हणून सांगते, मी उजव्यांना विचारायला लागले. नुसत्या नजरेनं कळायचं मग. उजवा, उजवा, डावा सोड, उजवा. धडा असा पळाला की काय सांगू! मी घरी येऊन मामाला म्हटलं, माझी पद्धत लागू पडतेय. माझी, बरं का!

आता गंमत बघा. गंमत कसली, तिसऱ्या ओळीत खिडकीशी एक मुलगी बसते, प्रियदर्शनी. गणपती झाल्यावर आली, वाशीमकडून. वडील कंपनीत लागले म्हणून सगळं घर इकडे आलं. येते, बसते, प्रश्न विचारला की हात वर. डावा. रोज डावा. दुसरी मुलं कधी डावा, कधी उजवा, ही मात्र प्रश्न कुठलाही असो, डावाच! मी मनात म्हणायचे, बिचारी, हिला काहीच कसं येत नाही! आणि आमच्या अ तुकडीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, ज्यांना झेपत नाही त्यांना सहामाहीनंतर क तुकडीत टाकतात. प्रियदर्शनी उशिरा आलेली, तिच्या चाचण्या झालेल्याच नाहीत, म्हणजे निकाल सगळा तोंडीवर. तोंडी म्हणजे वेगळी परीक्षा नाही, वर्गातल्या उत्तरांवरूनच कागद भरायचा, त्यावर एक रकाना असतो, ‘वर्गातील प्रतिसाद’. त्यात मी लिहिलं, ‘नाही’. खाली सही केली. सलोनी, आणि एक रेघ. किती झोकात सही करते मी, काय सांगू...

क तुकडीची यादी फळ्यावर लागली आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिचे वडील आले. हिंमतराव. दुपारची पाळी होती म्हणून सकाळी आले, कंपनीचा निळा शर्ट, हातात टोपी. उभेच. बसा म्हटलं तरी उभेच. ‘मॅडम, पोरगी क तुकडीत चालली म्हनते. तिकडं तं पयली येत होती जी.’ मी गोड हसले. ते प्रशिक्षणात शिकवतात, पालकांशी कसं हसायचं ते. म्हटलं, हिंमतराव, इंग्रजी नवीन आहे ना तिला, धडा कळत नाही तिला अजून. ‘कळत नाही?’ ते म्हणाले, ‘मॅडम, घरी आम्हाले जेवू देत नाही ते! पोळी उचलली का विचारते, बाबा, हे हाताले लागते का? लागते म्हटलं. मंग काँक्रीट! पानी? लागते. काँक्रीट! मंग तिच्या मायले विचारते, आई, तुहा राग हाताले लागते का? माय म्हनते, थांब, दाखवते लावून!’

मी हसले. तरीसुद्धा बघा कशी असते मी, म्हटलं, अहो, घरी बोलतात मुलं, वर्गात मात्र ती रोज डावा हात वर करते हो. ‘मंग?’ मी म्हटलं, डावा! ते म्हणाले, ‘हो जी. डावाच करीन नं. डावखोरी हाय ते. लिहिते बी डाव्यानं, गोटा बी मारते डाव्यानं.’ आणि मग जरा घाबरून, आवाज खाली करून, ‘कावून जी मॅडम? इकडं चालत नाही का?’

चालत नाही का... अहो, काय सांगणार मी त्या माणसाला? नियम जूनमध्ये पहिल्या दिवशी सांगतात. ती आली गणपतीनंतर. तिला कुणी काही सांगितलंच नाही! सात आठवडे ती पोरगी आपली हात वर करतेय, मला येतंय, मला विचारा, आणि मी रोज तिच्याकडे बघून, दया येऊन, दया बरं का, पुढच्याला विचारतेय! आणि ती लिहिते कशी हे मी पाहिलंच नव्हतं? पाहिलं होतं! रोज वही तपासायचे! डाव्या हाताचं अक्षर कसं तिरकं, म्हणून शेराही मारला होता!

धावत गेले मोठ्या बाईंकडे. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘अरेरे,’ म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘पण कागदावर सही तुमची आहे. एका मुलीची तोंडी पुन्हा घेता येत नाही, उद्या दहा पालक दारात उभे राहतील. घ्यायची तर सगळ्या वर्गाची घ्या. यादी शनिवारी दुपारी बाराला संस्थेत जाणार. आणि उद्या शुक्रवारी पाहुणे आहेत, ते आधी नीट होऊ दे. काही नवीन करू नका.’

काही नवीन करू नका! मला!

शुक्रवार. मागच्या बाकावर तीन पाहुणे, दोन गृहस्थ आणि फाइल घेतलेल्या एक बाई. दारात मोठ्या बाई. मी फळ्याजवळ. विचारलं, मुलांनो, मला असं एक अॅबस्ट्रॅक्ट नाउन सांगा, जे गाईडमध्ये नाही. त्रेसष्ट हात वर! मागे पाहुणे खूश. आणि मी म्हटलं, ‘प्रियदर्शनी.’

तुम्हाला सांगते, वर्गात जे झालं ना! डाव्या हाताला विचारलं! कधी नाही ते पाहुण्यांसमोर डाव्याला विचारलं! डावे हात वर करून निर्धास्त बसलेली तीसेक मुलं, त्यांच्या पायाखालची जमीनच गेली! नियम उलटला, नियम उलटला, अशी कुजबुज. डाव्यांनी झटकन उजवे केले, उजव्यांना वाटलं आता आपला डावा पाहिजे, त्यांनी डावे केले, दोघांनी दोन्ही वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे, आणि सोनू एकदा हा, एकदा तो, असा वाहतूक पोलीस झाला! मोठ्या बाई दारात निश्चल.

आणि प्रियदर्शनी उभी राहिली. मागे वळून बघितलं, आणखी कुणी प्रियदर्शनी आहे का. नव्हती. मग म्हणाली, ‘चान्स.’ मी म्हटलं, काय? ‘चान्स, मॅडम. अॅबस्ट्रॅक्ट नाउन.’ मी म्हटलं, कसं सांगशील? ती म्हणाली, ‘हाताला लागत नाही. मी रोज हात वर करून पाहिलं.’

टोमणा नव्हता हो! तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. प्रयोग करून पाहिला, निष्कर्ष सांगितला, बसली. माझी कसोटी, अगदी मी शिकवली तशी, माझ्यावरच... मी फळ्याकडे वळले आणि ‘चान्स’ लिहिलं. लिहायला फार वेळ लावला. इकडे वळता येत नव्हतं.

आणि पाहुणे? पाहुण्यांनी शेरा काय लिहिला माहितीये? ‘विद्यार्थ्यांचा सहभाग उत्स्फूर्त.’ उत्स्फूर्त! मोठ्या बाईंनी मला तो वाचून दाखवला, दोनदा. म्हणाल्या, ‘तुमचं उत्स्फूर्त झालं. यादीचं जे सांगितलं ते तसंच आहे.’

घरी आले आणि राजीनामा लिहायला बसले. तीन पानं! तत्त्वं, मूल्यं, व्यवस्थेचा निषेध! मामा चहा घेऊन आला, पहिलं पान वाचलं, म्हणाला, ‘“निषेध”मधला पोटफोड्या ष लिहिलास, शाबास. पण एक विचारू? हे वाचून त्या मुलीचं काय होणार?’ आणि कप ठेवून गेला. मला इतका राग आला त्याचा! बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो ना, तसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे शनिवारी, राजीनामा पर्समध्ये घेऊन बसमध्ये बसले. येरवडा आलं तशी मनात म्हटलं, मी गेले तर काय राहील? तीन पानं तत्त्वं राहतील. हाताला लागतील का? नाही. आणि हाताला लागणारं काय राहील? एक रकाना, त्यात ‘नाही’, त्याच्याखाली माझी झोकदार सही. त्या पोरीला तोच लागणार! मग हिशेब केला. शनिवारी माझा एक तास, त्यात तोंडी होणार दहा जणांची. यादी जाणार बाराला. आणि प्रियदर्शनी उशिरा आलेली, म्हणजे हजेरीत सगळ्यात शेवटी, त्रेसष्टावी. एकपासून सुरू केलं तर तिचा नंबर लागेल पुढच्या शनिवारी, तोवर ती क तुकडीत!

आणि वाघोली यायच्या आत ठरवलं. जायचं नाही! सगळ्या वर्गाची तोंडी पुन्हा घ्यायची, हात कुणी वर करायचा नाही, ना हा ना तो, हजेरीच्या क्रमानं एकेकाला शेजारी बसवून विचारायचं. मोठ्या बाई म्हणाल्या सगळ्या वर्गाची घ्या. कुठल्या टोकाकडून, ते त्या कुठे म्हणाल्या?

सात वाजून दहा मिनिटांनी वर्गात गेले आणि म्हटलं, तोंडी पुन्हा, सगळ्यांची, उलट्या क्रमानं, नंबर त्रेसष्ट! प्रियदर्शनी आली, बसली, चार मिनिटं बोलली, थांबवावं लागलं तिला. मी ‘नाही’ खोडलं, ‘आहे’ लिहिलं, बाजूला बारीक सही केली आणि कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी पेन उचललं, यादीतलं एक नाव काटलं, आणि म्हणाल्या, ‘बासष्ट राहिले. सगळे घ्यायचे हं.’

परत वर्गात आले, म्हटलं, चला, नंबर बासष्ट! साई नावाचा मुलगा. दप्तर पाठीला लावून उभाच होता. म्हणाला, ‘मॅडम, मी गावाला चाललोय.’ मी म्हटलं, असं का, कधी ठरलं?

‘आत्ताच, मॅडम.’